ऊन पाण्याची वाट

प्रवासाला निघालेल्या मनुष्याचे चित्त बहुधा मुक्कामावर जडलेले असते. वाट ही त्याला केवळ ओलांडून जाण्याची गोष्ट वाटते. परंतु काही स्थळे अशी असतात, की त्यांचा अर्धा महिमा त्यांच्या वाटेतच साठवलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातील उनपदेव हे असेच एक स्थळ आहे. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, दरा गावाजवळ उष्ण पाण्याचा हा झरा बारा महिने वाहत असतो. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळे म्हणतात. उनपदेव या नावातही तेच ‘ऊन’ दडलेले असावे. माघातील एका थंड सकाळी मी या झऱ्याकडे निघालो, तो एस.टी. आणि स्वतःचे पाय या दोनच वाहनांच्या भरवशावर.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरचीच्या पथाऱ्या घातलेल्या असतात. दूरवरून पाहावे, तर जमिनीवर कोणी लाल गालिचा अंथरला आहे असे वाटते. जवळ जावे, तर गालिच्याचे कौतुक शिंकांत विरून जाते. गाडी पुढे निघाली आणि प्रकाशे येथे तापीचे विस्तीर्ण पात्र दिसू लागले. येथे गोमाई नदी तापीला मिळते. भाविक लोक प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ मध्ये झालेल्या उत्खननात येथे ताम्रपाषाणयुगापासूनच्या मानवी वस्तीचे अवशेष सापडले. मनुष्य पाण्याच्या काठाने राहतो, हे या पांढरीने फार पूर्वीच लिहून ठेवले आहे.

शहाद्याला गाडी बदलली. शेजारी एक वृद्ध आजी बसल्या होत्या. माझ्या पायांतील जाड बूट आणि खांद्यावरची पिशवी न्याहाळून त्यांनी विचारले, “कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?” कोठे जात आहात, हे अहिराणीत विचारण्याची ही रीत. मी उनपदेवाचे नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. त्याही तेथेच निघाल्या होत्या. थंडीत त्यांचे गुडघे धरत, आणि ऊन पाण्याची धार घेतली म्हणजे चार दिवस बरे जात, असे त्यांनी सांगितले. घरी पाणी तापवायचे तर सरपण लागते. येथे ते धरणीच तापवून देते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

गाडीतून उतरून आम्ही चालू लागलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी संपत आलेली शेते होती. पुढे शेते विरळ झाली, मोह आणि पळस दिसू लागले, आणि सातपुड्याच्या रांगा हळूहळू जवळ आल्या. या डोंगरांच्या उघड्या कड्यांत काळ्या खडकाचे थरावर थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हा पसरत गेला, थिजत गेला आणि त्यातून हा बेसाल्ट खडक तयार झाला.

हे ऐकून कोणाला वाटेल, की त्याच लाव्ह्याच्या उष्णतेने झऱ्याचे पाणी तापत असावे. परंतु तो लाव्हा कधीच थंड झाला आहे. खरे कारण निराळे आहे. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता वाढत जाते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून झिरपत दोन किलोमीटर खोल गेले, तर ते किती तापेल याचा हिशेब कोणाही विद्यार्थ्याला करता येईल. सातपुडा आणि तापीचे खोरे यांच्या परिसरात भूकवचाला मोठमोठे तडे गेलेले आहेत. अशाच एखाद्या तड्याची वाट सापडली, की तापलेले पाणी थंड होण्यापूर्वी वर येते आणि झरा होऊन वाहू लागते. मी हे सारे आजींना जमेल तसे सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे पाणी आपल्यापेक्षा जास्त चालून येते!”

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, अडावदजवळ, उनपदेव याच नावाचा आणखी एक झरा आहे. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते पाणी काढले, अशी कथा तेथे सांगतात. भूशास्त्र खडकातील भेग सांगते, कथा रामाचा बाण सांगते. व्याधिग्रस्ताला आराम मिळावा ही करुणा मात्र त्या कथेतच आहे.

आम्ही झऱ्यापाशी पोचलो, तेव्हा तेथे बरीच गर्दी होती. शहरातून आलेली काही तरुण मंडळी धारेखाली उभी राहून अंगाला साबण चोळीत होती. फेस पाण्यावरून वाहत होता. काठावर शाम्पूच्या रिकाम्या पुड्या आणि टाकून दिलेली जुनी वस्त्रे पडली होती. आजी काही बोलल्या नाहीत. त्या खालच्या अंगाला गेल्या, वाहून जाणाऱ्या पाण्यात त्यांनी पायांची धूळ धुतली आणि कपड्यांचे बोचके मांडीवर घेऊन एका दगडावर बसून राहिल्या. मंडळी निघून गेली, तरी त्या उठल्या नाहीत. पाण्यावरचा फेस पार वाहून गेला, तळ स्वच्छ दिसू लागला, तेव्हाच त्या धारेपाशी गेल्या. गुडघ्यांवर ऊन पाणी पडताच त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते पाहताना मला जपानची आठवण झाली. तो देश ज्वालामुखींचा. शंभराहून अधिक जागृत ज्वालामुखी तेथे आहेत आणि उष्ण झऱ्यांची सुमारे ३,००० गावे आहेत. अशा झऱ्याला जपानी लोक ‘ओन्सेन’ म्हणतात. लहान आगगाड्यांनी व बसगाड्यांनी प्रवासी त्या डोंगराळ गावांत जातात. किनोसाकी नावाच्या गावी सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. सुती झगा आणि लाकडी खडावा घालून पाहुणे एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे पायी हिंडत असतात. त्या साऱ्या गावांचा एक नियम आहे. कुंडात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने बाजूला बसून अंग स्वच्छ धुवायचे. साबणाचा थेंबही कुंडात जाऊ द्यायचा नाही. कुंड हे मळ काढण्यासाठी नाही, तर शीण घालवण्यासाठी आहे, आणि आपल्या मागून दुसरा कोणी येणार आहे, हे त्या नियमाचे मर्म होय. १९४८ मध्ये जपानने उष्ण झऱ्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. योगायोग असा, की त्याच वर्षी, १ जून रोजी, पुणे ते अहमदनगर या मार्गावर आपली पहिली एस.टी. धावली. तिकडे सर्वांच्या पाण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, इकडे सर्वांसाठी गाडी निघाली!

सातपुड्याच्या पायथ्याच्या या आजींनी जपानचे नावही कदाचित ऐकले नसेल. तरी आधी पाय धुवावेत आणि मग पाण्याला स्पर्श करावा, ही रीत त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. शील हे देशावर वा शिक्षणावर अवलंबून नसते. दुसऱ्याची आठवण ठेवण्यावर ते अवलंबून असते.

या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्वचेचे विकार येथे स्नान केल्याने बरे होतात, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. ऊन पाण्याने आखडलेले सांधे सैल होतात आणि मनाला विसावा मिळतो, यात संशय नाही. परंतु अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा उठला, तर केवळ झऱ्यावर विसंबून राहणे घातक ठरेल. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. रोग्याने झऱ्यावर जरूर यावे. पण त्याआधी वैद्याकडे जावे. उपचारास उशीर झाला, तर हातापायांना आलेले व्यंग कोणतेही पाणी धुऊन काढू शकत नाही.

परतण्यापूर्वी मी काठावरच्या पुड्या गोळा करू लागलो. गुरे राखणारी दोन मुले काही वेळ नुसती पाहत उभी होती. मग तीही न सांगता हात लावू लागली. पिशवी भरली, तरी थोडा कचरा उरलाच. एवढ्यात डोक्यावर गाठोडे घेतलेली एक बाई, लहान मुलाचा हात धरून, झऱ्याच्या वाटेने येताना दिसली. पाणी तेव्हा अगदी नितळ होते.