टीप आणि तिची परीक्षा

लिहून ठेवलेलें सर्व खरेंच असतें, असा आपणां सुशिक्षितांचा एक भाबडा समज आहे. लिहितेवेळीं तें खरें असेलही. परंतु वस्तु बदलते आणि तिजविषयींची टीप जागच्या जागीं राहते. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. तरी रोहें तालुक्यांतील आमच्या खांबच्या घरीं जुन्या दप्तरांच्या बासनांवर 'जिल्हा कुलाबा' अशीच अक्षरें आहेत. त्यानें कोणाचें कांहीं अडत नाहीं. परंतु सगळ्याच जुन्या टिपा इतक्या निरुपद्रवी नसतात. मागील वर्षीं आमच्या वहिनींची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीं दोनदांऐवजीं एकदांच घेण्यास सांगितली. भिंतीवरील वेळांचा कागद मात्र जुनाच राहिला. धाकट्या सूनबाईंनीं तो नव्या चिठ्ठीशीं ताडून पाहिला, म्हणून दुप्पट औषध पोटांत जाण्याचें टळलें.

ही हकीकत ऐकून, पुण्यास संगणकाचें काम करणारी आमची पुतणी म्हणाली, "काका, आमच्याकडे तर असे कागद हजारों असतात!" तिनें समजावून सांगितलें तें असें. प्रोग्रॅमच्या ओळी यंत्रासाठीं असतात. त्यांच्या मधून मधून माणसांसाठीं टिपा लिहितात. यंत्र त्या टिपा वाचीतच नाहीं. ओळ चुकली तर बहुधा काम अडतें व चूक उघडकीस येते. टीप चुकली तर कांहींच अडत नाहीं, आणि पुढील माणूस तिजवर विसंबून फसतो.

यावर एक लहानसें साधन आहे. पायथॉन नांवाच्या संगणकभाषेबरोबर २००१ सालापासून 'डॉकटेस्ट' मिळतें. टीप लिहिणारानें नुसतें वर्णन न करतां तींत एक उदाहरण द्यावयाचें. जसें, '१९०० साल दिल्यास ३६५ दिवस हें उत्तर यावें.' हें साधन अशीं उदाहरणें शोधून तीं खरोखरच चालवून पाहतें, आणि उत्तर निराळें आलें कीं, अपेक्षित काय होतें व आलें काय, हें ओळीच्या क्रमांकासह पुढें मांडतें. उद्यां कोणी प्रोग्रॅममध्यें फेरफार केला आणि १९०० हें लीप वर्ष ठरूं लागलें, तर टीपच उठून तक्रार करील.

मात्र अशा वेळीं टीपच खोटी, असें घाईनें ठरवूं नये. २००७ सालीं लिन टान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'आयकॉमेंट' नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. तें साध्या इंग्रजींतील टिपांचा अर्थ लावून त्या प्रोग्रॅमशीं ताडून पाहतें. लिनक्स, मोझिला आदि चार मोठ्या प्रोग्रॅमांत त्यास ६० विसंगति सांपडल्या. त्यांपैकीं २७ ठिकाणीं टीप चुकलेली होती. पण ३३ ठिकाणीं टीप बरोबर असून प्रोग्रॅमच चुकला होता!

साधन भांडण दाखवितें. निवाडा माणसानेंच करावयाचा असतो. आणि 'हें असें कां केलें' एवढेंच सांगणारी जी टीप, तिची परीक्षा तर कोणत्याही उदाहरणानें होत नाहीं. तिच्यासाठीं एकच उपाय आहे. ज्या हातानें काम बदललें, त्याच हातानें, जागेवरून उठण्यापूर्वीं, टीपही बदलावी.