पायलट



पवईतील माझ्या घराच्या खिडकीतून दक्षिणेकडे पाहिले की मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. अर्थपरिवर्तनाचा हा भाग मी त्याच खिडकीशी बसून लिहितो आहे आणि उदाहरण म्हणून ‘पायलट’ हा शब्द घेतो आहे. या शब्दाशी माझा जुना हिशेब आहे.

माझे बालपण म्हापशात गेले. चौथीत असताना, वडिलांचा व्यवसाय विचारला गेला तेव्हा मी उभा राहून ‘पायलट’ असे सांगितले. गोव्याबाहेरून नव्यानेच आलेल्या शिक्षकांनी विचारले, “कोणते विमान चालवतात?” वर्ग हसला. ज्यांना बाबाच कधीमधी शाळेत सोडत, तेही हसले. शिक्षकांनी पटावर ‘वाहनचालक’ असे लिहिले. भाड्याने उतारू नेणाऱ्या मोटारसायकलस्वाराला गोव्यात पायलट म्हणतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मला मात्र त्या दिवसापासून वाटत राहिले, की बाबांनी कुणा मोठ्या माणसाचा शब्द चोरला आहे.

शब्दाचे कूळ कळले ते भाषाविज्ञान शिकू लागल्यावर. ग्रीक भाषेत ‘पेडॉन’ म्हणजे वल्ह्याचे पाते. त्याचे अनेकवचन सुकाणूसाठी वापरत. तेथून इटालियन आणि फ्रेंचमार्गे हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला, तो जहाजाचे सुकाणू धरणारा, अनोळखी पाण्यातून वाट काढून देणारा या अर्थाने. परके जहाज मुंबई बंदरात आणायचे असेल तर आजही बंदराचा पायलट त्यावर चढतो. आकाशाने हा शब्द समुद्राकडून उसना घेतला आहे. मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावणारी पायलट गाडी घ्या, किंवा ज्याला आपण ‘पथदर्शी प्रकल्प’ म्हणतो तो पायलट प्रकल्प घ्या. दोन्हींत वाट दाखवणे आहे, उडणे कोठेच नाही.

(‘पायलट’मध्ये मराठी ‘पाय’ शोधण्याचा मोह टाळा, ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे. आपला ‘पाय’ संस्कृत ‘पाद’वरून आला. गंमत अशी, की ‘पाद’ आणि ‘पेडॉन’ हे दोन्ही शब्द अभ्यासक एकाच इंडो-युरोपीय मुळापर्यंत नेतात. उत्तरपत्रिकेत हे लिहिणार असाल तर दोन्ही गोष्टी लिहा, अर्धी लिहू नका.)

आपला ‘वैमानिक’ मात्र उलट दिशेने आला. जैन परंपरेत वैमानिक हा देवांचा एक वर्ग आहे. विमानांत, म्हणजे दिव्य प्रासादांत, वास करणारे देव. एक शब्द वल्ह्यापासून वर चढला, दुसरा स्वर्गातून खाली उतरला आणि विसाव्या शतकात दोघे एकाच आसनावर बसले. या दोहोंत बाबांचा कोणता, हे ठरवायला मला पंचवीस वर्षे लागली.

पीएच. डी.च्या प्रवेश अर्जात पुन्हा तोच रकाना होता. मी ‘पायलट’ लिहिले. अर्ज घेणाऱ्या लिपिकांनी आदराने वर पाहिले आणि विचारले, “कोणत्या कंपनीत?”

“स्वतःचीच गाडी आहे,” मी म्हणालो, “म्हापशाच्या बाजारात उभी असते.”