यवतेश्वरच्या घाटातली पहाट



साताऱ्याला आलात म्हणजे आपण अजिंक्यतारा पाहता, सज्जनगडाला जाता. पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुले पाहायला तर झुंबड उडते. पण ऐन थंडीत, भल्या पहाटे, कासच्याच वाटेवरचा यवतेश्वरचा घाट कधी पायी चढला आहात काय? या हिवाळ्यात मी तो आठवड्यातून तीनदा चढतो आहे, आणि तोही पळत!

हसू नका. माझे वय चौपन्न. शेतीखात्यातली निम्मी नोकरी जीपमध्ये आणि खुर्चीवर गेली. मागल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचे सांगितले. शाळेपासूनचा माझा एक सोबती जवळच्याच गावी शेती करतो. तो म्हणाला, "लोकांच्या रानाला सल्ला देतोस, स्वतःच्या देहाची मशागत कधी करणार?" जानेवारीत मुंबईला मॅरेथॉन असते. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटरांची, अर्धी २१ ची. डॉक्टरांना विचारून दोघांनीही अर्धीला नाव घातले.

आपल्या जिल्ह्याला पळणे नवे नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी मुलखातून पळत पळत २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पोहोचली. आम्हाला एवढे साधायचे नाही. धडपणे पोहोचलो तरी पुष्कळ.

पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी भेटायचे. कानाला मफलर, खिशात गुळाचा खडा. थंडीत अंग आखडलेले असते, म्हणून पहिली दहा मिनिटे नुसते चालायचे. मग हळूहळू पळायचे. इतके हळू, की बोलता आले पाहिजे. दम लागून बोलणे तुटले की पुन्हा चाल. वळणे चढू लागलो की खाली साताऱ्याचे दिवे लुकलुकतात. वर पोहोचेतो फटफटते. पुढे कासच्या रस्त्याला एका अंगाला उरमोडीचे पाणी दिसते, दुसऱ्या अंगाला कण्हेरचे. फुलांचे पठार या दिवसांत वाळून तांबूस पडलेले असते. पण वाऱ्याला जो वास असतो, तो फुलांच्या गर्दीत मिळत नाही.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबरातली गोष्ट. सोबत्याचा गहू वीस दिवसांचा झाला होता. मुकुटमुळे फुटण्याची वेळ, पाणी चुकवून चालत नाही, हे मीच त्याला बजावले होते. वीज त्या आठवड्यात रात्रीची. बिचारा रात्रभर दारे धरून तसाच पहाटे आला. डोळे लाल. मी म्हणालो, "आज लांबचा पल्ला आहे, चुकवू नकोस." तिसऱ्या वळणावर तो मटकन खाली बसला. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. माझे तर हातपायच गळाले. देवासारखा एक दूधवाला आला, त्याच्या मोटारसायकलवरून त्याला खाली दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "जागरण आणि उपाशी पोट. थोडक्यात निभावले."

त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला. बोलल्या मात्र काही नाहीत. ते न बोलणेच मला जास्त लागले. पिकाची अवस्था मी दिवस मोजून सांगतो, आणि शेजारच्या माणसाची अवस्था मला दिसली नाही!

तेव्हापासून आमचा नेम ठरला. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात पळणे बंद. संध्याकाळी बांधाबांधाने चालायचे. पल्ला दर आठवड्याला थोडाच वाढवायचा, चौथ्या आठवड्यात कमी करायचा. रानाला वाफसा लागतो, तशी देहालाही विश्रांती लागते. आणि दोघांत जो मागे, त्याच्याच चालीने दोघांनी जायचे.

आपल्यालाही हौस वाटली तर जरूर सुरुवात करा. पण आधी डॉक्टरांना दाखवा, आणि एकटे जाऊ नका. निघताना सोबत्याला एवढेच विचारा, "रात्री झोप झाली का रे?"