तारीख पाळणारा सेनापती

आफ्रिकेचं राजकारण शिकवताना लष्करी राजवटींचा भाग आला की वर्गात प्रश्न येतात ते उठावाचे: रेडिओ केंद्र कुणी ताब्यात घेतलं, कोण मारलं गेलं, कोण पळालं. मी उलटा प्रश्न विचारते. खुर्चीत बसलेला जनरल उठतो कसा? इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतरही मला हाच प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना मी दर वेळी नायजेरियाच्या ओलुसेगुन ओबासांजो यांच्यापाशी येते.

आबेओकुटाजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९५८ मध्ये सैन्यात गेला आणि अभियंता दलात वाढला. १९६५ मध्ये तो भारतात होता. आधी वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचं शिक्षण. जानेवारी १९६६ मध्ये तो मायदेशी परतला आणि त्याच महिन्यात नायजेरियात पहिला लष्करी उठाव झाला. पंतप्रधान बालेवा मारले गेले. पुढे नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं. १९७० च्या जानेवारीत बियाफ्राने शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा ती शरणागती स्वीकारणारे सेनाधिकारी ओबासांजो होते.

सत्ता त्यांच्याकडे आली ती एका खुनानंतर. १३ फेब्रुवारी १९७६ रोजी लागोसच्या वाहतुकीत अडकलेल्या मोटारीत राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांना गोळ्या घातल्या गेल्या. तो उठाव फसला आणि दुसऱ्या दिवशी ओबासांजो राष्ट्रप्रमुख झाले. त्या काळाविषयी त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘नॉट माय विल’.

मुर्तलांनी मागे एक वेळापत्रक ठेवलं होतं: १ ऑक्टोबर १९७९ ला सत्ता लोकनियुक्त सरकारकडे. जनरलांनी अशी वचनं दिल्याची आणि मोडल्याची उदाहरणं जगभर आहेत. मुर्तलांच्या आधीचे गोवन यांनी तर १९७६ ची मुदत देऊन ती पुढे ढकलली होती. ओबासांजोंनी मात्र एकेक टप्पा पार पाडला. ४९ जणांच्या समितीने राज्यघटनेचा मसुदा केला, घटना परिषदेने त्यावर चर्चा केली, सप्टेंबर १९७८ मध्ये पक्षांवरची बंदी उठली.

शेवटच्या टप्प्यात पेच आलाच. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येण्यासाठी एकूण मतांत आघाडी आणि दोन तृतीयांश राज्यांत किमान पाव मतं हवी होती. राज्यं १९. मग १९ चे दोन तृतीयांश म्हणजे १२ की १३? आघाडीवरचे उमेदवार शेहू शगारी यांना १२ राज्यांत तेवढी मतं होती. त्यांचे प्रतिस्पर्धी ओबाफेमी आवोलोवो न्यायालयात गेले. निकाल पुढे ढकलून सैन्याने थोडं आणखी थांबावं, असं म्हणायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं? पण सर्वोच्च न्यायालयाने शगारींच्या बाजूने निवाडा दिला आणि ठरल्या तारखेला ओबासांजो उठले. नायजेरियाच्या लष्करी राज्यकर्त्याने निवडून आलेल्याच्या हाती सत्ता देण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हणून त्यांची आरती ओवाळावी असं मी कधीच म्हणणार नाही. १९७७ मध्ये त्यांच्याच राजवटीत सैनिकांनी गायक फेला कुटी यांचं घर जाळलं. त्यांच्या वृद्ध आईला, एका थोर स्त्री-नेत्याला, खिडकीतून फेकलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. हा डाग तारीख पाळल्याने पुसला जात नाही.

सत्ता सोडल्यावर ओबासांजो ओटा इथल्या शेतावर गेले. शगारी सरकार १९८३ च्या अखेरीस सैन्यानेच उलथवलं. लष्करशहा सानी अबाचांच्या काळात, १९९५ मध्ये, ओबासांजोंवरच कटाचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांचे जुने उपप्रमुख शेहू मुसा यारअदुआ तुरुंगातच मरण पावले. १९९८ मध्ये अबाचा गेले, ओबासांजो सुटले आणि १९९९ मध्ये मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाले.

आणि इथेच माझ्या अभ्यासाला खरी कलाटणी मिळाली. दुसरी मुदत संपत आली तेव्हा तिसऱ्या मुदतीसाठी घटनादुरुस्तीची खटपट सुरू झाली. आपण ती मागितली नव्हती, असं ओबासांजो आजवर सांगतात. मे २००६ मध्ये सिनेटने ती दुरुस्ती फेटाळली. २००७ मध्ये ते पायउतार झाले आणि शेहू मुसांचे धाकटे भाऊ उमारू राष्ट्राध्यक्ष झाले. ती निवडणूक गैरप्रकारांनी डागाळलेली होती, तरी एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे सत्ता गेली, ती त्या देशात प्रथमच.

तरुणपणी मी १९७९ वर भारावून लिहायचे. आता २००६ मला मोठं वाटतं. पहिल्या वेळी एका माणसाने शब्द पाळला, दुसऱ्या वेळी सभागृहाने घटनेची मुदत पाळायला लावली. माणसाची नियत वयाबरोबर, खुर्चीबरोबर बदलू शकते. म्हणून चांगल्या जनरलची वाट पाहणाऱ्या मुलांना मी सांगते: आधी नकार देऊ शकणारं सभागृह उभं करा.