धुराची नवी आवृत्ती

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांत ‘टॅक्टिकल शूटर’ या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्यात हारजीत बोटांच्या चपळाईपेक्षा जागेच्या जाणकारीवर अधिक ठरते. दोन-तीन गोळ्यांत मरण येते, मेलेला खेळाडू पुढची फेरी सुरू होईपर्यंत परतत नाही, आणि म्हणून कोणत्या कोपऱ्यातून कोणती वाट दिसते, कोणत्या दारापर्यंत प्रतिस्पर्धी किती सेकंदांत पोचतो, याचा हिशेब मनात पक्का बसलेला असावा लागतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा या प्रकारातला अतिशय दीर्घायुषी खेळ होय. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून तो घडवला, व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेऊन २००० साली स्वतंत्रपणे विक्रीस आणला, आणि २००३ सालची त्याची १.६ ही आवृत्ती भारतातल्या लहान गावांपर्यंत पोचली. २७ सप्टेंबर २०२३ रोजी आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा शेजारी मांडलेला दुसरा खेळ नव्हता; २०१२ पासून चालत आलेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या आवृत्तीला बाजूला सारून तिच्याच जागी तो बसवण्यात आला. योगायोग असा, की त्याच महिन्यात उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव शासकीय अधिसूचनेने धाराशिव झाले.

धाराशिवमध्ये वाढलेल्या, आज पस्तिशीत असलेल्या खेळाडूच्या बाबतीत या खेळाची सुरुवात नेट कॅफेपासून होते. तिथे खेळाला इंटरनेट लागत नसे. चार-सहा संगणक एकमेकांना तारेने जोडून, म्हणजे ‘लॅन’वर, एका खोलीतली मुले एकमेकांविरुद्ध खेळत, आणि गोळी लागलेल्याची हाक पडद्याआधी शेजारच्या खुर्चीतून ऐकू येई. कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस, डी ही चार अक्षरे झिजून गुळगुळीत झालेली असत. माउसच्या पोटात रबरी गोळी असे; ती काढून आतल्या बारीक रुळांवर बसलेला मळाचा पट्टा नखाने खरवडल्याशिवाय नेम सरळ जात नसे, आणि हे काम पैसे भरून मिळालेल्या तासातच उरकावे लागे. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज गेली की यूपीएस किंचाळू लागे आणि चालू फेरी तिथेच संपे. खेळातला वेळ इतका तोलूनमापून मिळत असल्याने फेरी वाया घालवणारा सोबती त्या मुलांना फार खटके.

त्या खोलीत बहुतेक वेळा एकच नकाशा चाले. डेव्ह जॉन्स्टन यांनी रचलेला आणि २००१ साली आलेला ‘डस्ट टू’ हा तो नकाशा. वाळवंटी गावाच्या रूपातल्या या जागेत हल्लेखोरांना दोनपैकी एका ठिकाणी बॉम्ब पेरायचा असतो आणि त्यासाठी ‘लाँग’, ‘मिड’ व ‘टनेल’ या वाटा खुल्या असतात. फेरी सुरू होताच हल्लेखोरांच्या बाजूने लांब पल्ल्याची बंदूक घेऊन मिडच्या दोन दारांमधल्या फटीवर नेम धरायचा आणि पलीकडून आडवे धावणाऱ्याला टिपायचे, ही चाल त्या मुलांना अभ्यासाच्या पुस्तकाहून अधिक पाठ होती. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचा भुईकोट किल्ला ज्याने पाहिला आहे, त्याला या रचनेचे मर्म लवकर उमगते. सपाट मुलखात डोंगराचा आधार नाही, तेव्हा रचनाकाराने आडोसा स्वतः निर्माण करायचा. खंदक, दुहेरी तट आणि वळणे घेत जाणारा प्रवेशमार्ग अशा प्रकारे योजायचा, की आत शिरणाऱ्याची बाजू प्रत्येक टप्प्यावर उघडी पडावी आणि बचाव करणारा मात्र झाकलेला राहावा. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ सतराव्या शतकात विजापूरला नेली जाण्यापूर्वी याच किल्ल्यावर होती. तरीही परंड्यात फिरताना तोफेच्या पल्ल्यापेक्षा ती वळणेच मनात राहतात, आणि डस्ट टूमध्ये पहिल्या दिवसापासून नेमके हेच घडते.

जागेचे हे ज्ञान ज्या एका साधनाने क्षणभर रद्द करता येते, ते साधन म्हणजे स्मोक, म्हणजेच धूर सोडणारा हातगोळा. वाटेवर धूर टाकला की पलीकडचा नेमबाज आंधळा होतो आणि उघड्या जागेतून पलीकडे सरकता येते. १.६ मध्ये हा धूर पडद्यावर एकावर एक चिकटवलेल्या सपाट करड्या चित्रांचा पुंजका होता. ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये तो दाट आणि भरदार झाला, पण त्याचा आकार ठरलेलाच राहिला. त्यातून एक विपरीत कौशल्य जन्माला आले. कठड्याच्या काठावर विशिष्ट ठिकाणी धूर टाकला, की एका बाजूच्या खेळाडूला समोरच्याचे पाय दिसत आणि समोरच्याला मात्र करड्या पडद्याखेरीज काहीच दिसत नसे. याला ‘वन-वे’ स्मोक म्हणत. शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या या खेळाडूने वसतिगृहाच्या खोलीत अशा जागा रात्र-रात्र घोटल्या: कोणत्या भिंतीला खेटून उभे राहायचे, खिडकीच्या कोणत्या कोपऱ्यावर नेम धरायचा, उडी मारतानाच गोळा सोडायचा की चालता-चालता. ते खरेच ज्ञान होते आणि मेहनतीने मिळवलेले होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मधल्या काळात २०१६ नंतरच्या स्वस्त मोबाइल इंटरनेटने धाराशिवमधली मुले बेटावर रंगणाऱ्या पबजी या फोनवरच्या नेमबाजीच्या खेळाकडे वळली, २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये बीजीएमआय हा त्याचा भारतीय अवतार आला. पण फोनवरच्या त्या विस्तीर्ण बेटाने कोपऱ्यांचा हा बारकावा शिकवला नाही.

‘काउंटर-स्ट्राइक २’ने धुराची व्याख्याच बदलली. नवा धूर जागेप्रमाणे आकार घेतो: दारात टाकला तर चौकटीतून पलीकडे सांडतो, जिन्यावर टाकला तर पायऱ्यांवर पसरतो, बोळ अरुंद असेल तर लांबवर भरत जातो. त्यातून गोळ्या झाडल्या की तात्पुरती चीर पडते, आणि आत स्फोटक हातगोळा फुटला की धूर चहूकडे फेकला जाऊन क्षणभर मधली वाट लख्ख उघडते. मिडच्या दारात हे पाहताना जुन्या खेळाडूचा हात थबकतो. ज्या धुराआड तो सुमारे १८ सेकंद निर्धास्त उभा राहत असे, तो धूर समोरच्याच्या एका फेकीत फाटतो, पलीकडचा चेहरा आणि बंदुकीची नळी दिसते, आणि करड्या कडा पुन्हा आत ओघळून फट बुजेपर्यंत गोळी झाडायची की मागे सरायचे हा निर्णय झालेला असावा लागतो. शिवाय हा धूर सर्वांना सारखाच दिसतो, कारण त्याचा आकार प्रत्येकाच्या संगणकाने आपापल्या परीने न ठरवता सामना चालवणाऱ्या सर्व्हरकडून ठरतो. वन-वेच्या जुन्या युक्त्या त्यामुळे निकामी झाल्या. या नुकसानाबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक असले, तरी बदल न्याय्य आहे. समोरच्याला जे दिसू शकत नाही त्याच्या जोरावर जिंकणे हा टॅक्टिकल खेळाचा उणा भागच होता.

इतर बदलांविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. पूर्वी अधिकृत सामन्यांचा सर्व्हर एका सेकंदात ६४ वेळा सर्व खेळाडूंची स्थिती तपासे. अशा प्रत्येक तपासणीला ‘टिक’ म्हणतात. आता दोन टिकांच्या मधला नेमका क्षणही नोंदवला जातो आणि या पद्धतीला ‘सब-टिक’ हे नाव आहे. तत्त्वतः हे अचूक आहे. मात्र धाराशिवहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळताना संदेश सर्व्हरपर्यंत पोचायलाच उशीर होतो, तेव्हा भिंतीआड पुरता सरकल्यावरही मरण येण्याचा जुना अनुभव कायम राहतो, आणि तो विसरायला लावील एवढे बळ या सुधारणेत नाही. सामन्याची लांबी घटवण्याचा निर्णय मात्र मनापासून पटतो. पूर्वी ३० फेऱ्यांपैकी १६ जिंकाव्या लागत, आता २४ पैकी १३ पुरतात. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला एक सामना पुरा करणे त्यामुळे शक्य झाले. त्याची किंमत ‘एको’ फेऱ्यांत मोजावी लागते, म्हणजे पैसे वाचवण्यासाठी जाणूनबुजून स्वस्त शस्त्रांवर खेळल्या जाणाऱ्या फेऱ्यांत: एकूण फेऱ्याच कमी झाल्याने पिस्तुलाची पहिली फेरी हरलेल्या संघाला सावरायला अवधी थोडा मिळतो.

सर्वांत गंभीर प्रश्न यंत्राचा आहे. ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ला किमान २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा लागत असे; नव्या आवृत्तीची किमान मागणी ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा अशी आहे, आणि जुन्या ३२-बिट संगणकांना तिने पूर्ण वगळले. धूर सर्वांना समान झाला, पण तो पाहू शकणाऱ्यांची संख्या घटली. पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्या खेळाडूने नवा संगणक घेतला. धाराशिवच्या घरात राहिलेल्या जुन्या संगणकावर ज्या धाकट्या भावाने ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ शिकून घेतले होते, त्याच्या हातून अधिकृत सामने एका रात्रीत गेले. परंड्याचे दोन्ही तट एकामागे एक उभे आहेत, एकासाठी दुसरा पाडलेला नाही; जुन्या आवृत्तीचे अधिकृत सामने आणखी काही वर्षे चालू ठेवणे कंपनीला अशक्य नव्हते आणि ते तिने करायला हवे होते. त्या जुन्या संगणकावर आता १.६ चालते, इंटरनेटशिवाय, संगणकानेच चालवलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. दिवाळीच्या सुट्टीत दोघे भाऊ आळीपाळीने एकाच खुर्चीत बसतात, आणि मिडच्या फटीवरचा पहिला नेम अजून थोरल्याचाच लागतो.