नाळेचं तळं

हवाई बेटावरच्या हिलोहून निघालो तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. तासाभरात गाडी २,८०० मीटरवर पोचली आणि मी कानटोपी शोधू लागलो. मौना केआ डोंगराच्या पर्यटक केंद्रावर निदान अर्धा तास थांबावं लागतं, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. तेवढ्यात चालकाने बुटांचे तळवे ब्रशने घासायला लावले. खालचं बी, खालची मुंगी वर जाता कामा नये. वर राखेच्या टेकड्यांत वेकिऊ नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा किडा राहतो. वाऱ्याने वर उडून आलेले, थंडीने गारठलेले किडे हेच त्याचं अन्न. जगात तो फक्त याच डोंगरावर आहे. देवळाच्या पायरीशी चपला काढतो तशा मनाने मी बूट घासले.

पुढे खडीचा चढ. ४,२०७ मीटर उंच माथ्याजवळ केक दुर्बिणींचे जुळे घुमट आणि सुबारू दुर्बिणीची चकाकणारी भिंत समोर आली, तेव्हा ऊर भरून आला. विज्ञानदिनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात रांग लावणारा माणूस मी. इथे प्रस्तावित असलेल्या तीस मीटरच्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे, आयुकासुद्धा. म्हणजे तिच्यावरून पेटलेला वाद आपलाही आहे.

जुलै २०१९ मध्ये तिच्या बांधकामाची वाहनं अडवायला हवाईयन म्हातारीकोतारी माणसं याच डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यावर बसली. तिसाहून अधिक जणांना अटक झाली. चालकाची मावशी त्या दिवसांत तिथेच होती. "मावशी म्हणते, तारे आमचेही आहेत. आमचे पूर्वज ताऱ्यांवरूनच होड्या हाकत या बेटांवर आले. पण घरात खोली वाढवायची तर आधी घरच्यांना विचारतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. १९६८ मध्ये माथा हवाई विद्यापीठाला भाड्याने दिला गेला आणि तिथे तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या. २०२२ च्या कायद्याने कारभार नव्या प्राधिकरणाकडे सोपवायचं ठरलं. त्यात मूळ हवाईयनांना जागा आहेत. २०२४ मध्ये दोन दुर्बिणी काढून जमीन पूर्ववत केली गेली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

वाटेत कड्याकपारीला बर्फ उरलं होतं. हिमवृष्टी झाली की लोक पिकअपचा हौदा बर्फाने भरून थेट समुद्रकिनारी नेतात, मुलांना खेळायला. त्या दिवशी वाटेत मात्र आमच्यासारख्या पर्यटकांच्याच गाड्या.

उतरताना वाइआऊ तळ्याच्या पायवाटेशी थांबलो. आपण जन्मगावाला 'नाळ पुरली ती जागा' म्हणतो. इथली काही घराणी बाळाची नाळ या तळ्याला अर्पण करतात. वाटेवर तिघं होती : एक जोडपं आणि आजी. आजीच्या हातात हिरव्या पानात बांधलेली इवलीशी पुडी. दर दहा पावलांना ती दम खायला थांबत होती. तळं बघायचंच म्हणून मी आलो होतो, कॅमेरा गळ्यात होता. तो पिशवीत ठेवला आणि गाडीशीच थांबलो. ती तिघं परतली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि आजीचे हात रिकामे होते.