जुनी गाडी आणि अपरिग्रह



कळंबच्या आमच्या अंगणात सासऱ्यांची १९६४ सालची फियाट डिलाइट उभी आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार झालेली. ही कंपनी १९४४ मध्ये काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, आपल्याच समाजातले. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. याच घडणीची गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली.

सासरे गेल्यावर भंगारवाला दोनदा येऊन गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत. मुलगा म्हणाला, “आई, अपरिग्रह तूच शिकवतेस ना?”

प्रश्न खरा होता. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हटलंय ते आसक्तीला. चालू शकणारी गाडी मोडून नवी घेणं, हा हव्यास नाही का?

मग काम काढलं. इथला पाऊस पत्रा खातो. आधी तळाचा गंज खरवडून रेड ऑक्साइड मारला. सीटला चामडं नको, रेक्झिन घातलं. बॉनेटखाली कुंभारीण माशीचं घर होतं. ते रिकामं होईपर्यंत मेकॅनिकला थांबवलं. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला दिलं, मातीत थेंबही नाही.

चातुर्मासात गाडी फारशी काढत नाही. एरवी सासूबाईंना देरासरला तिच्यातूनच नेते. परवा त्या आपणहून म्हणाल्या, “माझ्यानंतर ज्याला गरज असेल त्याला देऊन टाका गं.”